विजेवरची होडी (7) : घरावरचे पॅनल आणि होडीतली बॅटरी

मागील हप्त्यात 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नक्की झाली असल्यामुळे या वेळी 12 की 24 व्होल्ट हा ठरलेला विषय यायला हवा होता. परंतु साखरशेत येथील एका वाचकाचा प्रश्न जव्हार-मोखाड्यातील अनेक पाड्यांना लागू पडणारा असल्याने तो विषय एक आठवडा पुढे ढकलला आहे. घरात दिव्यासाठी बसवलेल्या सौर पॅनलवर आणि त्याच्याच जुन्या चार्ज कंट्रोलरवर होडीच्या मोटरची लिथियम बॅटरी चार्ज करता येईल काय, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की पॅनल चालेल, मात्र कंट्रोलर तपासून घ्यावा लागेल आणि शिशाच्या बॅटरीबरोबर जडलेल्या काही सवयी सोडून द्याव्या लागतील.

प्रथम पॅनलचा हिशेब पाहू. दिव्यांच्या घरगुती संचात बहुधा 37 ते 40 वॅटचे पॅनल आणि 12 व्होल्टची, 40 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते. असे पॅनल भर उन्हात सुमारे सव्वादोन अँपिअर प्रवाह देते आणि स्वच्छ हवेच्या दिवशी पाच तासांचे पूर्ण ऊन धरले, तर दिवसाकाठी सुमारे 11 अँपिअर-तास बॅटरीत जमा होतात. मंद वेगात 10 अँपिअर घेणारी मोटर त्यावर जेमतेम एक तास चालेल. तीच मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअर घेणारी असेल, तर दिवसभराची कमाई अवघ्या तेरा मिनिटांत संपेल. 100 वॅटचे पॅनल लावल्यास रोजची जमा 27 अँपिअर-तासांच्या घरात जाते आणि 80 टक्के उतरलेली बॅटरी तीन दिवसांत भरते. आठवड्यातून एक-दोनदा पाण्यात उतरणाऱ्या होडीला एवढे पुरते, रोज जाळे टाकणाऱ्याला पुरत नाही. केरळमध्ये वैकम येथे जानेवारी 2017 पासून चालणाऱ्या ‘आदित्य’ या 75 प्रवाशांच्या सौर नौकेलासुद्धा छतावरील पॅनलच्या जोडीला धक्क्यावरील विजेची सोय ठेवावी लागली आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता कंट्रोलर. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून प्रवाह आणि व्होल्टेज आवरणारे हे उपकरण मुळात शिसे-आम्ल बॅटरीसाठी घडवलेले आहे, आणि त्या बॅटरीचा स्वभाव असा की ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती कायमची बसते. म्हणून जुना कंट्रोलर तिला आधी सुमारे 14.4 व्होल्टपर्यंत भरतो, मग 13.5 ते 13.8 व्होल्टवर सतत भरलेली ठेवतो, ज्याला फ्लोट म्हणतात. आणि पाणी घालण्याच्या बॅटरीसाठी सेटिंग असल्यास ठरावीक दिवसांनी 14.8 व्होल्टच्या वर नेऊन तिच्यातील आम्ल ढवळतो, ज्याला इक्वलायझेशन म्हणतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलांच्या बॅटरीला मात्र 14.6 व्होल्ट ही कमाल मर्यादा असते, कारण प्रत्येक सेल 3.65 व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नसतो; तिला फ्लोटची गरज नसते आणि इक्वलायझेशन तर तिच्या वाट्याला येताच कामा नये.

स्वस्त कंट्रोलरवर बहुधा सीलबंद, जेल आणि पाण्याची बॅटरी असे तीन पर्याय असतात. यांपैकी जेलचा पर्याय साधारणपणे 14.2 व्होल्टवर थांबतो आणि त्यात इक्वलायझेशन नसते, त्यामुळे लिथियमसाठी वेगळा पर्याय नसलेल्या कंट्रोलरवर तोच सर्वांत जवळचा ठरतो. मात्र प्रत्यक्ष आकडा मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर मोजून खात्री करून घ्यावी. आकडे हाताने भरता येत असतील, तर चार्जिंग 14.2, फ्लोट 13.5 आणि भार तोडण्याची पातळी 12.0 व्होल्ट ठेवावी. 14.2 व्होल्टला बॅटरी भरत नाही ही समजूतही खरी नाही, कारण शेवटच्या 0.4 व्होल्टच्या टप्प्यात तिच्यात फारच थोडा साठा जमा होतो.

यात एक बारीक मुद्दा तापमानाचा आहे. शिसे-आम्ल बॅटरीला थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी व्होल्टेज लागत असल्याने बऱ्याच कंट्रोलरमध्ये 25 अंश सेल्सिअस हा पाया धरून दर अंशामागे 18 ते 30 मिलिव्होल्ट बदलण्याची सोय असते. समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवरील जव्हारच्या पठारावर हिवाळ्यातील पहाटे पारा 10 अंशांपर्यंत उतरला असे धरले, तर 15 अंशांच्या फरकाने 14.2 व्होल्टचे 14.5 ते 14.65 व्होल्ट होतात, म्हणजे बॅटरी मर्यादेला जाऊन भिडते. सीलबंद पर्यायातील 14.4 व्होल्ट याच हिशेबाने मर्यादा ओलांडतात. लिथियमला या दुरुस्तीची आवश्यकता नसल्यामुळे ती बंद करता आली तर उत्तम. परदेशी माहितीपत्रकांत मोठ्या कौतुकाने दिलेला, बॅटरीला ऊब देणारा हीटर मात्र या भागात घेण्याचे कारण नाही. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये हे खरे असले, तरी ती वेळ येथे येत नाही.

कंट्रोलरने चूक केली तरी बॅटरीतील बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवून गरज पडल्यास बॅटरीच तोडून टाकणारे सर्किट, तिला वाचवते, असा युक्तिवाद विक्रेते करतात. तो अर्धाच बरोबर आहे, कारण बीएमएस हा शेवटचा आडोसा असून रोजच्या वापराचा नळ नव्हे. शिवाय बॅटरी अचानक तुटली की कंट्रोलरच्या दृष्टीने ती काढून घेतल्यासारखीच असते. अशा वेळी मोकळ्या पॅनलचे 20 ते 22 व्होल्ट स्वस्त कंट्रोलरमधून थेट भाराच्या टर्मिनलवर येऊन त्यावर लावलेला एलईडी दिवा जाऊ शकतो. याच कारणामुळे जोडणी करताना आधी बॅटरी आणि नंतर पॅनल लावावे, सोडवताना आधी पॅनल सोडवावे. उलट बाजूने, बॅटरी पूर्ण उतरून बीएमएसने ती बंद केली, तर टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसतात, कंट्रोलरला समोर बॅटरीच नाही असे वाटते आणि तो चार्जिंग सुरूच करत नाही. मग लिथियमच्या चार्जरने तिला जागे करावे लागते.

कंट्रोलरवरील चार्जच्या रेघांवर विश्वास ठेवण्याची सवयही सोडावी लागते. 1997 साली पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी ज्या निबंधात या पदार्थाची ओळख करून दिली, त्यातच त्याच्या सपाट व्होल्टेजचे कारण आहे : चार्ज होताना लिथियमयुक्त आणि लिथियमविरहित असे दोन घटक शेजारी-शेजारी नांदतात आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत असता व्होल्टेज जवळपास जागचे हलत नाही. त्यामुळे विश्रांतीत 13.1 व्होल्ट दाखवणारी बॅटरी पाऊण भरलेली आहे की निम्म्याच्याही खाली गेली आहे, हे व्होल्टमीटर सांगू शकत नाही. त्यासाठी आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा शंट मीटर लावणे हाच खरा उपाय होय.

घरातील जुनी बॅटरी आणि नवी लिथियम एकत्र, समांतर जोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी विश्रांतीत 12.7 व्होल्टवर आणि लिथियम 13.3 व्होल्टवर असल्याने लिथियममधील साठा विनाकारण तिच्याकडे वाहत राहतो. दोन बॅटऱ्यांना दोन कंट्रोलर ठेवून मधल्या स्विचने पॅनल आळीपाळीने देणे योग्य; स्विच फिरवण्याआधी पॅनलवर कापड टाकावे. मोटर कंट्रोलरच्या भाराच्या टर्मिनलवर कधीही लावू नये. ती 60 अँपिअरच्या ब्रेकरमधून थेट बॅटरीवरच घ्यावी.

सर्वांत अवघड सवय पावसाळ्याची आहे. शिशाची बॅटरी भरून ठेवावी, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. लिथियम मात्र भरलेल्या अवस्थेत आणि उष्ण जागी ठेवली तर लवकर म्हातारी होते. सततच्या पावसात होडी उपडी पडलेली असते, तेव्हा बॅटरी 50 टक्क्यांच्या आसपास आणून, पॅनल व मोटर दोन्ही सोडवून, चुलीच्या माथ्यावरील माळ्याऐवजी भिंतीलगतच्या कोरड्या फळीवर ठेवावी आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज पाहावे. ते 13 व्होल्टच्या खाली उतरू लागल्यास तासभर चार्जिंगला लावावी. पाणी घालणे, भरून ठेवणे आणि वरचेवर पाहणे या जुन्या तीन कामांपैकी तिसरे तेवढे शिल्लक राहते. पुढील हप्त्यात 24 व्होल्टचा राहिलेला हिशेब येईल, त्यात मोटरपर्यंतच्या केबलची जाडी हाच मुख्य मुद्दा राहील.