अठराशे गुण आणि बेचाळीस दिवस

सैन्यदलाच्या निवड मंडळाने आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी शिफारस केली, तेव्हा त्याच्या गावात पेढे वाटले गेले. आठवडा उलटतो न उलटतो तोच तो उतरल्या चेहऱ्याने परत आला. कानातील मळ आणि नाकाचा वाकडा पडदा या कारणांसाठी वैद्यकीय मंडळाने त्याला तूर्त अपात्र ठरविले होते. ‘पोरगा आजारी नाही, मग नापास कसा?’ हा त्याच्या वडिलांचा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. पण तो विचार करावयास लावणारा आहे.

प्रबोधिनीची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तिला 900 गुण असतात. निवड मंडळापुढील पाच दिवसांच्या कसोटीला आणखी 900. वैद्यकीय तपासणीला मात्र एकही गुण नाही. गुणवत्ता यादी करताना तिचा निकाल धरलाही जात नाही. तथापि, तीत उत्तीर्ण झाल्याखेरीज 1800 पैकी मिळविलेल्या गुणांना काही मोल उरत नाही.

अपात्र ठरलेल्या उमेदवारास मंडळाचे अध्यक्ष कारण आणि अपिलाची रीत सांगतात. अपिलाची तपासणी 42 दिवसांच्या आत व्हावी लागते. तेथेही नकार आला, तर पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. पण ती संधी प्रकरणाचे स्वरूप पाहून दिली जाते, हक्क म्हणून मागता येत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, शस्त्रक्रिया झाली आणि अपिलात तो पात्र ठरला. जे काम वर्षभर आधी सवडीने झाले असते, ते बेचाळीस दिवसांच्या धास्तीत उरकावे लागले.

दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे नशीब एवढे उदार नव्हते. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे त्याला वाचता आले नाहीत. रंगदृष्टीतील हा दोष जन्मजात असतो. त्यावर शस्त्रक्रिया नाही आणि अपिलाचाही उपयोग नाही. इतर सारे मार्ग बाजूस सारून दोन वर्षे केलेल्या तयारीनंतर त्याला हे प्रथमच कळले. शाळेत असतानाच ती पुस्तिका कोणी पाच मिनिटे त्याच्यासमोर धरली असती, तर ही दोन वर्षे अन्यत्र कारणी लागली असती.

निकष सैल करावेत, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. विमान चालविणाऱ्याच्या दृष्टीत किंवा हिमरेषेवर चढणाऱ्याच्या पायांत उणीव असून चालणार नाही. शिवाय, निकष गुप्तही नाहीत. कानातील मळ, नाकाचा पडदा, टॉन्सिल, मूळव्याध, कमी-अधिक वजन, छातीचे माप अशा बाबी आधीच तपासून घ्याव्यात, असा सल्ला आयोगाच्या परीक्षेच्या सूचनापत्रातच असतो. परंतु अर्थशास्त्राचा अभ्यासक जाणतो की, छापलेली माहिती आणि हाती आलेली माहिती यांत अंतर असते. शहरातील सुस्थित मुलाला घरचा डॉक्टर हे सहज सांगून जातो. खेड्यातील मुलाची डोक्यापासून पायापर्यंत पहिली तपासणी बहुधा लष्करी रुग्णालयातच होते. नियम दोघांना सारखाच. पण त्याची किंमत दोघांनी सारखी मोजलेली नसते.

राज्य शासनाने 1977 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवापूर्व प्रशिक्षणाची संस्था काढली. तेथे जागा मोजक्याच आहेत. प्रबोधिनीची दारे 2022 पासून मुलींनाही खुली झाली असल्याने इच्छुकांची संख्या वाढणारच. अशा वेळी अकरावीच्या प्रारंभी कनिष्ठ महाविद्यालयांनी आपल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकामार्फत, नजीकच्या ग्रामीण रुग्णालयाच्या साह्याने, एक दिवसाची प्राथमिक तपासणी घडवून आणण्यास काय हरकत आहे? कान, नाक, दात, पाऊल, वजन आणि रंगदृष्टी एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. लष्करी मंडळाचा निर्णय अर्थातच अंतिम राहील. पण दूर होण्यासारखा दोष वेळेत दूर होईल आणि दूर न होणारा दोष असलेला विद्यार्थी वेळेत दुसरी वाट धरील.

सोळाव्या वर्षी मिळालेला नकार पचविता येतो, कारण पुढे वाटा असतात. तोच नकार पेढे वाटून झाल्यावर येतो, तेव्हा तो अख्ख्या घराला सोसावा लागतो.