बुजलेला मासा आणि औषधाची बाटली

खाऱ्या पाण्याच्या टँकमधला मासा दचकायला लागला किंवा दगडामागून बाहेर येईनासा झाला, की आधी दुकानदाराला फोन जातो आणि तासाभरात टँकमध्ये कसलंतरी औषध पडतं. कितीतरी वेळा त्या माशाला काही झालेलं नसतं. तो घाबरलेला असतो, आणि भीतीचं कारण टँकच्या रचनेत, त्याच्या शेजाऱ्यांत किंवा आपल्या दिवाणखान्यात असतं. या बाबतीतले काही समज इतके पक्के बसले आहेत की ते एकेक करून तपासलेले बरे.

‘मासा खुशीत उड्या मारतो.’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. फायरफिशचंच बघा. बोटभर लांबीचा मासा, पुढून पांढुरका आणि शेपटीकडे लालभडक होत गेलेला, पाठीवर काडीसारखा उंच पर. हा पर तो सारखा वर-खाली करत असतो. समुद्रात हा मासा प्रवाळखडकांच्या पायथ्याशी, आपल्या बिळाच्या थोडं वर, प्रवाहाकडे तोंड करून तरंगतो आणि येणारं प्लवक टिपतो. धोका जाणवला की क्षणात बिळात. टँकमध्ये बीळ मिळालं नाही, किंवा ते दुसऱ्या माशाने बळकावलं, तर पळायला उरते ती एकच दिशा, वरची. समुद्रात अशी उडी मारणारा मासा पुन्हा पाण्यातच पडतो, घरात तो सोफ्याखाली सापडतो. रास जातीचे मासे, जॉफिश, अँथियास, बरेचसे गोबी हेही असेच उडी मारणारे. त्यामुळे उडी दिसली की आधी विचारायचं ते हे, की याच्या मागे कोण लागलंय?

पुष्कळदा उत्तर डॅमसेल हेच असतं. स्वस्त आणि काटक म्हणून नवा टँक ‘पिकवायला’ दुकानातून डॅमसेल गळ्यात मारले जातात. टँक तयार होतो, पण तोवर प्रत्येक कोपरा त्यांच्या मालकीचा झालेला असतो आणि मागून आलेल्या गरीब माशाला थारा मिळत नाही. माझं मत विचाराल तर शांत मासे ठेवायचे असतील तर डॅमसेल आणूच नयेत. नायट्रोजन चक्र बसवायला मासा लागतही नाही. अमोनियाचा बाहेरून दिलेला डोस आणि साधारण चार ते सहा आठवड्यांचा धीर एवढ्यावर काम होतं.

‘दगड कमी ठेवले की मासे नीट दिसतात.’ होतं उलटं. लपायची जागा जवळ आहे याची खात्री असलेला मासाच उघड्यावर फिरतो. कपारी, आरपार जाणारी भोकं, वाळूवर टेकलेला एखादा तुटका पीव्हीसी पाइप, जे असेल ते द्या. हॅलिकोरीस जातीचे रास रात्री वाळूत पुरून घेतात, त्यांना दोन-तीन इंच बारीक वाळू हवीच. नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी थोडी बदलली, तर जुन्या दादा लोकांच्या हद्दी पुसल्या जातात आणि पहिले काही दिवस मारामारी कमी होते.

माशाला पापण्या नसतात. मध्यरात्री पाणी प्यायला उठून टँकचा दिवा फटकन लावला, तर त्याला डोळे मिटायची सोय नाही. आधी खोलीतला मंद दिवा, मग पाचदहा मिनिटांनी टँकचा. बंद करताना याच्या उलट. काचेवर टिचकी मारणाऱ्या पाहुण्यांनाही आवरायला हवं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त, आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्याची बारीक थरथरही टिपते. टँकच्या स्टँडवरच स्पीकर ठेवणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

‘नवा मासा जितका सावकाश सोडावा तितकं चांगलं.’ जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशापुरतं ठीक. विमानाने किंवा रात्रभराच्या प्रवासाने आलेल्या माशाचं गणित वेगळं आहे. बंद पिशवीत त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया बराचसा कमी घातक अशा अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतं. त्या पाण्यात मासा दोन तास ठेवून थेंबथेंब पाणी सोडत बसणं म्हणजे त्याच्या कल्ल्यांवर अत्याचार. पिशवीतल्या पाण्याची क्षारता दुकानदाराकडून आधीच विचारून नव्या माशासाठी ठेवलेल्या वेगळ्या टँकची क्षारता तेवढी ठेवावी, पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवावं आणि मग मासा लगेच सोडावा. पिशवीतलं पाणी मात्र मोरीत.

निळी टँग, म्हणजे दुकानातली ‘डोरी’, घाबरली की दगडाच्या फटीत आडवी पडते. मेली समजून तिला जाळीने उपसू नका. शेपटीच्या बुडाशी तिला धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि मासा खरंच जखमी होतो. ही डोरी फूटभर वाढते, तेव्हा तीन फुटी टँकमध्ये ती बुजरी राहणार यात नवल नाही. ‘निमो’ला अ‍ॅनिमोन लागतंच हाही सिनेमाने दिलेला समज. घरच्या टँकमध्ये क्लाउनफिश त्याच्याविना सुखाने जगतो. टँकमध्येच जन्मलेले क्लाउनफिश आता मिळतात आणि ते समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा लवकर रुळतात. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, दुकानदार काहीही सांगो.

मग औषध कधी? मासा वारंवार दगडाला अंग घासतोय, कल्ले भराभर हलतायत आणि अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत, तर ते क्रिप्टोकॅरिऑन असू शकतं. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण फक्त वेगळ्या टँकमध्ये. मुख्य टँकमध्ये टाकलं तर कोळंबी आणि शंखगोगलगायी मरतात आणि दगड ते तांबं शोषून बसतात. ठिपके नसताना मासे बुजत असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, दोन्ही शून्य हवेत. तापमान 24 ते 27 अंशांत, विशिष्ट गुरुत्व 1.025च्या आसपास. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घालायची, मिठाच्या पाण्याची नव्हे.

राहता राहिलं झाकण. अख्खी काच ठेवली तर टँक तापतो आणि हवा खेळत नाही. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्या कारागिराकडून अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्या आणि तिच्यात पाव इंची पारदर्शक नायलॉन जाळी ताणून बसवा. वायर आणि पाइपसाठी सोडलेल्या फटीही बुजवा, फायरफिश नेमका तिथूनच निसटतो. हे झाकण तयार होईपर्यंत उडी मारणारा एकही मासा विकत घेऊ नका.