संतभक्ती व संतनामे, ख्रिस्ती
रोमन कॅथलिक पंथात संतपदास पोहोचलेल्या व्यक्तींविषयी बाळगला जाणारा आदर, त्यांच्याकडे केली जाणारी मध्यस्थीची याचना आणि त्यांची नावे स्वतःस व अपत्यांस धारण करविण्याची परंपरा यांना अनुलक्षून ही संज्ञा वापरली जाते. संतभक्ती आणि नामकरण यांचा संबंध निकटचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकास जे नाव मिळते, ते बहुधा एखाद्या संताचे असते व तो संत त्याचा जन्मभराचा आश्रयदाता समजला जातो. त्यामुळे अशा नावास दोन अर्थ प्राप्त होतात : एक शब्दाचा, म्हणजे व्युत्पत्तीने येणारा आणि दुसरा ते नाव धारण करणाऱ्या संताच्या चरित्राने त्यात भरलेला. मुंबईच्या उपनगरांतील वांद्रे, खारदांडा, सांताक्रूझ, जुहू या किनारपट्टीवर व उत्तरेस वसईपर्यंत ही परंपरा पोर्तुगीज अमदानीपासून मराठी बोलणाऱ्या समाजात रुजलेली असल्याने, या दोन अर्थांचे नाते तेथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

तत्त्व व इतिहास : कॅथलिक धर्मशास्त्रानुसार आराधना केवळ परमेश्वराची, संतांना द्यावयाचा तो आदर होय. संत स्वतःच्या सामर्थ्याने वर देत नाहीत, तर भक्ताच्या वतीने ईश्वराजवळ विनंती करतात. येशूची माता मारिया हिला इतर संतांहून अधिक, परंतु आराधनेहून खालच्या श्रेणीचा आदर दिला जातो. प्रारंभीच्या शतकांत रोमन साम्राज्यातील छळात प्राणार्पण केलेल्या हुतात्म्यांच्या थडग्यांजवळ त्यांच्या मृत्युदिनी भाविक जमत. संतांचे सण बहुधा जन्मदिनी न येता मृत्युदिनी येतात, याचे मूळ या प्रथेत आहे. ७८७ मध्ये भरलेल्या नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांना दिला जाणारा आदर योग्य ठरविला. प्रॉटेस्टंट सुधारकांनी संतांच्या मध्यस्थीस आक्षेप घेतल्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये संतांची याचना हितकारक असल्याचे जाहीर केले, त्याचबरोबर तिच्यातील अंधश्रद्धा व द्रव्यलोभ दूर करण्याची आज्ञाही दिली.

संतपद आरंभी स्थानिक समाजाच्या व बिशपांच्या मान्यतेने मिळे. पोपने विधिपूर्वक संत घोषित केल्याचे पहिले ज्ञात उदाहरण म्हणजे आउग्सबुर्कचा बिशप उलरिख (९९३) होय. १५८८ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याने या कामासाठी रोममध्ये स्वतंत्र मंडळ नेमले. तथापि कोणता संत आपला, हे मात्र आजही मंडळ ठरवीत नाही; ते कुटुंब, गाव व व्यवसाय ठरवितात.

आश्रयदाते संत : संताची निवड अनेक कारणांनी होते. काही ठिकाणी व्यवसायसाम्य असते. अँड्रू व पीटर हे बंधू गॅलिलीच्या सरोवरावरील मच्छीमार असल्याने कोळ्यांना ते जवळचे वाटतात. येशूचा पालक जोसेफ हा सुतार असल्याने कारागिरांचा व श्रमिकांचा आश्रयदाता झाला, व १९५५ मध्ये पोप बारावा पायस याने त्याच्या नावे १ मे हा दिवस कामगारांसाठी नेमून दिला. काही संत संकटांशी निगडित आहेत. सेबॅस्टियन (सण २० जानेवारी) आणि रॉक (सण १६ ऑगस्ट) यांचा धावा प्लेगच्या साथीत केला जाई. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वांद्रे व आसपासच्या गावठाणांत रस्त्यांच्या कडेला रक्षणार्थ क्रूस उभारण्यात आले; त्यांपैकी अनेक आजही प्लेगचे क्रूस म्हणून ओळखले जातात. पादुआचा अँथनी (११९५–१२३१) हा हरवलेल्या वस्तू मिळवून देणारा संत म्हणून लोकप्रिय आहे. त्याचा अंत्यविधी मंगळवारी झाल्याने त्या वारी त्याची विशेष प्रार्थना करतात. त्याचा सण १३ जूनला, म्हणजे कोकणात पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास येतो.

कधी नावाच्या अर्थावरूनच संताचे कार्यक्षेत्र ठरते. सिराक्यूज येथील हुतात्मा ल्यूसी हिच्या नावाचा संबंध प्रकाश या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी असल्याने नेत्रविकारांनी पीडित लोक तिला शरण जातात.

नामार्थ : संतनामे अनेक भाषांतून आली आहेत. हिब्रू नावांत ईश्वराचा उल्लेख वारंवार आढळतो : जॉन (योहान) म्हणजे ‘परमेश्वर कृपाळू आहे’, जोसेफ म्हणजे ‘तो आणखी देवो’. मायकेल हे नाव तर एक प्रश्नच आहे : ‘देवासारखा कोण ?’ पीटर या ग्रीक नावाचा अर्थ ‘खडक’; येशूने सायमन या शिष्यास दिलेल्या ‘केफा’ या अरमाइक नावाचे ते भाषांतर होय. अँड्रू म्हणजे ‘पुरुषार्थी’, तर सेबॅस्टियन म्हणजे ‘पूजनीय’. हीदेखील ग्रीक मुळाची नावे होत. झेवियर हे मूळचे व्यक्तिनाम नव्हे. फ्रान्सिस झेवियर (१५०६–५२) याचा जन्म स्पेनमधील ज्या गढीत झाला, तिच्या बास्क नावाचा अर्थ ‘नवे घर’ असा आहे. गोव्यात त्याचे अवशेष असल्याने हे स्थलनाम पश्चिम किनाऱ्यावर मुलांचे नाव बनले. असिसीच्या फ्रान्सिसचे बाप्तिस्म्याचे नाव जॉन होते. ‘फ्रेंच’ अशा अर्थाचे टोपणनाव त्यास वडिलांनी दिले व पुढे तेच जगभर पसरले.

अशा उदाहरणांत शब्दार्थ मागे पडतो व चरित्र पुढे येते. काही ठिकाणी तर नावातूनच कथा घडली आहे. ख्रिस्तोफर म्हणजे ‘ख्रिस्तास वाहून नेणारा’. बालरूपातील ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी पार करणाऱ्या धिप्पाड पुरुषाची आख्यायिका या अर्थाभोवती वाढली. १९६९ च्या सुधारित पंचांगात त्याचा सण सार्वत्रिक यादीतून वगळण्यात आला. परंतु त्याच्या भक्तीस बंदी नाही आणि प्रवासी त्याचे पदक आजही बाळगतात. येशूचा चेहरा पुसणाऱ्या व्हेरोनिकाचे नाव ‘खरी प्रतिमा’ या अर्थाशी जोडले गेले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते बेरेनिके या ग्रीक नावाचे रूपांतर आहे.

मारिया या नावाचे उदाहरण सर्वांत लक्षणीय होय. मिर्यम या मूळ हिब्रू नावाचा अर्थ अनिश्चित आहे. चौथ्या–पाचव्या शतकांतील विद्वान सेंट जेरोम याने त्याचा एक अर्थ ‘सागराचा थेंब’ असा दिल्याचे मानतात. लॅटिनमध्ये ‘थेंब’ व ‘तारा’ या शब्दांत एका स्वराचा फरक असल्याने नकलकारांच्या हातून ‘सागराचा तारा’ असा पाठ रूढ झाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा अपपाठ असला, तरी खलाशी व मच्छीमार यांच्या भक्तीत तो शतकानुशतके खरा ठरला आहे.

वांद्रे–खारदांडा ते वसई : या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्माचा प्रसार सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन व जेझुइट मिशनऱ्यांनी केला. खारदांड्याच्या दक्षिणेस असलेल्या वांद्रे येथील कोळ्यांच्या वस्तीजवळचे चर्च मच्छीमार संत अँड्रूच्या नावे आहे; ते १५७५ मध्ये उभारले गेल्याचे सांगतात. जवळच्या टेकडीवर माउंट मेरीचे मंदिर आहे. तेथील मूर्ती समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, अशी आख्यायिका आहे. मारियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरला असतो व त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळी व अन्यधर्मीयही नवस फेडण्यास येतात आणि हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू अर्पण करतात. १९५४ मध्ये या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. कोळी समाजात या मातेस ‘मोत माउली’ म्हणतात. ‘मोत’ हा डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश असावा, तर ‘माउली’ हा शब्द वारकरी ज्ञानेश्वरांस लावतात तोच होय. एका नावात दोन भाषा व दोन भक्तिपरंपरा एकत्र आल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

खाडीपलीकडील माहीम येथे सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनासही सर्वधर्मीयांची गर्दी असते. अंधेरी परिसरात जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च एकोणिसाव्या शतकातील साथीनंतर ओस पडले. तथापि गावकऱ्यांनी आपला संत सोडला नाही.  

पोर्तुगीज नावे मराठी–कोकणी उच्चारांत मिसळून पेद्रू, आंतोन, मिंगेल, इनास, जुझे, बस्त्याव अशी घरगुती रूपे तयार झाली. थोरल्या अपत्यास आजोबांचे वा आजीचे नाव देण्याची चाल असल्याने एकच संत एका घराण्यात पिढ्यानपिढ्या टिकून राही. संतचरित्रेही देशी भाषांत आली. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणानंतर (१६१६) एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले (१६२९). सेंट अँथनीच्या चरित्रावरील आंतोनियु द साल्दांय याचा ग्रंथ रायतूर येथे १६५५ मध्ये छापला गेला. परक्या नावामागचे चरित्र लोकांच्या भाषेत सांगितल्याविना ते नाव आपले होत नाही, ही जाणीव या ग्रंथांमागे दिसते. [⟶ स्टीफन्स, फादर].

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–९७) हा भारतात जन्मलेला पहिला संत होय. त्याचे वडील पोर्तुगीज व आई कोकणातील होती. व्यापारानिमित्त पूर्वेकडे गेल्यावर तो पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर चढविलेल्या सव्वीस हुतात्म्यांत त्याचा समावेश होता. १८६२ मध्ये पोप नववा पायस याने त्यांना संतपद दिले. गोन्सालो या नावाचे मूळ ‘युद्ध’ या अर्थाच्या जर्मानिक शब्दात आहे. शस्त्र न उचलता मरण स्वीकारणाऱ्या माणसामुळे वसईत या नावाचा अर्थ नेमका उलट झाला आहे.

नाव व समाज : संताचेच नाव ठेवावे की नाही, हा प्रश्न भारतात केवळ धार्मिक राहिला नाही. नाव बदलले की माणूस आपल्या समाजातून तुटला, असा समज बळावत असे. १५६६ च्या रोमन प्रश्नोत्तरीने मुलास संताचे नाव द्यावे, म्हणजे त्याच्या अनुकरणाची प्रेरणा मिळेल, असा उपदेश केला. १९१७ च्या धर्मसंहितेने ही जबाबदारी धर्मगुरूवर टाकली. आईवडिलांनी दुसऱ्या नावाचा आग्रह धरल्यास त्याला संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असा तिचा नियम होता. १९८३ च्या संहितेने हे बंधन सैल केले. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव असू नये, एवढीच अपेक्षा आता उरली आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना मराठीतून होऊ लागली व मराठी नावे ठेवण्याचा प्रघातही वाढला.

प्रॉटेस्टंट पंथात संतांची याचना नसल्याने तेथे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांचे, पत्नी लक्ष्मीबाईंचे व पुत्र देवदत्त यांचे नाव कायम राहिले. देवदत्त या संस्कृत नावाचा व थिओडोर या ग्रीक संतनामाचा अर्थ जवळजवळ एकच आहे.

कॅथलिक परंपरेतही याचे उत्तर एका भारतीय संताच्या नावात मिळते. त्रावणकोरच्या राज्यसेवेतील नीलकंठ पिळ्ळै यांनी १७४५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांना लॅझारस हे नाव मिळाले. त्याच्या ‘देव साहाय्य करतो’ या मूळ हिब्रू अर्थाचे भाषांतर करून त्यांना देवसहायम् म्हणू लागले. १७५२ मध्ये त्यांना ठार मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले, ते या भारतीय नावानेच. अशा रीतीने एकेकाळी भाषांतर म्हणून वापरात आलेला शब्द आता स्वतःच संतनाम बनला असून, तो पुढील पिढ्यांतील मुलांस देता येतो. [⟶ रोमन कॅथलिक पंथ].