मूल सांभाळण्याची प्रासंगिक सेवा व तिचा मोबदला

मूल सांभाळण्यासाठी कायम बाई ठेवणे आणि केवळ प्रसंगी कोणास बोलावणे, ह्या दोन व्यवहारांत वरवर पाहता कालमानाचाच फरक दिसतो. वस्तुतः पहिल्यात वेळ विकत घेतला जातो. दुसऱ्यात वेळेबरोबर तयारीही विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत देण्याची रीत आपल्याकडे रूढ झालेली नाही. विश्वासू माणूस मिळत नाही ही तक्रार बहुधा येथूनच उद्भवते.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. परंतु पूर्वेकडील हिंजवडी-माण परिसरात माहिती-तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिल्यापासून दूरदूरच्या प्रांतांतून आलेली जोडपी तेथे राहू लागली. आजी, आत्या, शेजारीण ही जी माणसे एरवी न बोलावता येत, ती ह्या घरांजवळ नाहीत. दिवसा पाळणाघर असते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर तशी सोय करण्याचे बंधन २०१७ च्या कायदेदुरुस्तीने घातले व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले. पण उशिराची बैठक, दवाखाना, लग्नकार्य ह्यांस कायदा पुरा पडत नाही.

मग ‘मावशी’ शोधली जाते. शब्द गोड खरा. परंतु नात्याचे नाव दिले की पैशाची बोली करणे उभयतांस अवघड जाते, आणि “तुम्ही द्याल ते” ह्या उत्तरातच तिचा तोटा ठरून जातो. समजा, महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास व वेतन १०,४०० रुपये आहे. २०८ तासांनी भागता ताशी ५० रुपये पडतात. त्याच दराने रात्रीच्या ३ तासांचे १५० होतील. पण घर सोडल्यापासून परत पोचेपर्यंत तिचे ५ तास मोडले, तर दर ३० वर येतो. रिक्षाचे भाडे वेगळेच. दुसऱ्या खेपेस ती आली नाही म्हणून तिला बेभरवशाची म्हणणे न्याय्य नव्हे.

जुन्या बलुतेपद्धतीत सुतार-लोहारास प्रत्येक कामाचे दाम मिळत नसे. सुगीला धान्याचा वाटा मिळे. म्हणजे गरज पडेल तेव्हा हजर राहण्याचाच तो मोबदला होता. त्यातील जातिबंधन व सक्ती त्याज्यच. तयारीला मोल असते एवढे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे. त्यानुसार बोलावणे येवो न येवो, महिन्याला अल्पशी ठरावीक रक्कम द्यावी. प्रत्येक खेपेचे पैसे निराळे, तेही किमान तासांची बोली करून व जाण्यायेण्याच्या खर्चासह. ऐनवेळी बेत मोडल्यास निम्मे तरी द्यावेत. दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून एकीस बांधून घेतल्यास भार हलका होतो व तिलाही नियमित प्राप्ती होते.

पारख करताना जिथे तिने आधी काम केले त्या घरी चौकशी करावी, आणि पहिल्या दोन खेपा आईबाप घरात असतानाच व्हाव्यात. लहानग्यास सांभाळायला थोडी मोठी पोर ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. शिवाय मुळशी हा भाताचा मुलूख. लावणीच्या दिवसांत गावच्या बायका शेतावर असतात, तेव्हा त्या काळापुरती दुसरी सोय आषाढापूर्वीच बोलून ठेवावी.