जर्मनीला निघालेल्या नर्सची फाईल

मागच्या वर्षी एका रविवारी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देत बसलो होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. मुलगी जी.एन.एम. झालेली, खाजगी इस्पितळात रात्रपाळी करणारी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दहावीच्या गुणपत्रिकेपासून सगळे कागद. ताई म्हणाल्या, ‘‘भाऊ, एजंट म्हणतो दीड लाख भरा, तीन महिन्यांत पोरगी जर्मनीला. गळ्यातलं मोडू का?’’

मी त्यांना म्हटले, ‘‘आधी पिशवी उघडा.’’

मी कारकून माणूस. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. साहेबासमोर माणूस जात नाही, त्याची फाईल जाते. व्हिसाचेही तसेच आहे. मुलगी किती कष्टाळू आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला दिसणार नाही. कागद एकमेकांशी जुळतात की नाही एवढेच दिसेल. या मुलीच्या कागदांत वडिलांचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी ‘ए’ एकदा, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर दोनदा, आणि पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात वडिलांचेच नाव. आपल्या घरांतून हे फार आढळते. आईबाप शिकलेले नसतात, गुरुजी लिहितील ते नाव कायम होते. ही दुरुस्ती आपल्याकडेच, वेळ असताना करावी. तिला एजंट लागत नाही, हेलपाटे लागतात.

जर्मनीला नर्स हव्यात, ही थाप नाही. भारतातल्या कुशल कामगारांना द्यायच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे त्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याआधी, २०२४ च्याच फेब्रुवारीत, आपल्या महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. बातमी पेपरात आली आणि एजंटांच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या.

पण ‘तीन महिन्यांत’ हा शब्द जिथे ऐकाल तिथून उठून यावे. नव्वद दिवसांहून जास्त राहायचे तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि नर्ससाठी त्याआधी आणखी एक पायरी आहे. नर्सिंग हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. जिथे नोकरी करायची त्या राज्याची कचेरी आपले शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहते. कोणता विषय किती तास शिकवला, कोणत्या वॉर्डात किती तास प्रत्यक्ष काम केले, हे सगळे मोजले जाते. म्हणून नुसता डिप्लोमा पुरत नाही. नर्सिंग स्कूलकडून तासांच्या हिशोबाचे ट्रान्स्क्रिप्ट घ्यावे लागते. त्याचे आणि इतर कागदांचे अधिकृत भाषांतर करून पाठवायचे. मग त्या कचेरीचा निर्णय येतो. भारतीय नर्सच्या बाबतीत बहुधा ‘इतके कमी पडते’ असाच येतो. त्याला नकार समजून रडत बसू नये. ती उणीव तिथे जाऊन भरून काढता येते. एक तर ठरावीक मुदतीचे प्रशिक्षण घ्यायचे, नाही तर परीक्षा द्यायची. त्या काळासाठीच वेगळा व्हिसा आहे. तोवर सहाय्यक नर्स म्हणून काम आणि पगारही सहाय्यकाचाच. एजंट सांगतो तो आकडा बहुतेक वेळा पुढचा, पूर्ण परवाना मिळाल्यानंतरचा असतो.

दुसरी गोष्ट भाषा. पूर्ण परवान्यासाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. अक्षरओळखीपासून तिथवर यायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष धरावे. मुंबईत आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवनात वर्गही आहेत, परीक्षाही होतात. ‘सर्टिफिकेट मी आणून देतो’ म्हणणारे भेटतील. मुलाखतीला दोन वाक्ये बोलायला लावली की ते उघडे पडते. आणि समजा निभावले, तरी उद्या पेशंट ‘छातीत दुखतंय’ म्हणाला आणि हिला कळले नाही, तर?

पैशांचे सांगतो. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे. भाषांतर, परीक्षा, मान्यतेची फी हा खर्च वेगळा. पण दीड लाख ‘सर्व्हिस चार्ज’ कशाचा? केरळ सरकारच्या नोर्का संस्थेमार्फत ‘ट्रिपल विन’ योजनेत नर्स जर्मनीला जातात, त्यांच्याकडून नोकरी लावून देण्याचा पैसा घेतला जात नाही. तो खर्च नेणाऱ्या इस्पितळाने करायचा असतो. एवढेच नव्हे, इस्पितळाने तिथल्या कचेरीत ४११ युरो भरून अर्ज केला तर प्रकरण जलद पद्धतीने चालते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा, की इस्पितळाचे नाव काय आणि करारपत्र कुठे आहे. करारात ‘इतक्या वर्षांआधी नोकरी सोडल्यास एवढी भरपाई’ असे कलम असेल तर ते कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावे. मूळ कागद आणि पासपोर्ट एजंटाच्या कपाटात ठेवू नयेत.

व्हिसाचा अर्ज २०२५ च्या जानेवारीपासून त्यांच्या सरकारी पोर्टलवर भरता येतो. मग मुंबईत ठरलेल्या दिवशी बोटांचे ठसे आणि मूळ कागद. फॉर्म मुलीने स्वतः भरावा, मी फक्त शेजारी बसतो. याला कारण आहे. पूर्वी नकार आला तर त्याच कचेरीकडे फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता पुन्हा नवा अर्ज, नाही तर बर्लिनचे कोर्ट. आपल्यासारख्यांना कोर्ट कुठले परवडते! पहिलीच फाईल बरोबर गेली पाहिजे.

ताईंचा एक प्रश्न मात्र फाईलमधला नव्हता. त्यांना कुणी सांगितले होते, की तिथे नर्सला पेशंटला आंघोळ घालावी लागते, डायपर बदलावे लागते. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या सासूनं जन्मभर लोकांची घाण उचलली. पोरीला शिकवलं ते पुन्हा तेच करायला?’’ मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. ‘‘आई, तिथं सगळ्याच नर्सेस करतात. कुणाच्या घरची आहे बघून काम वाटत नाहीत.’’ ते खरे आहे. आपल्याकडे नातेवाईक आणि आया करतात ते तिथे नर्सच्या कामातच धरले आहे, आणि ते करणाऱ्या हाताला पगार नर्सचाच मिळतो. तरीही हे ज्या मुलीला जमणार नाही तिने आधीच थांबावे. त्यात कमीपणा नाही. विमानात बसल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

तिथे पोचल्यावरही कागद संपत नाहीत. पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी परकीय नागरिकांच्या कचेरीतून राहण्याचा परवाना काढायचा. मुदत चुकवू नये.

एजंटाला पैसे गेले नाहीत. ताईंच्या गळ्यातले गळ्यातच आहे. मुलगी बी-१ पास झाली, रात्रपाळी करून दुपारी अभ्यासिकेत येते. पासपोर्ट दुरुस्त होऊन आला. तिच्या नर्सिंग स्कूलने ट्रान्स्क्रिप्ट मात्र अजून दिलेले नाही. चार फेऱ्या झाल्या. ‘क्लार्क रजेवर आहे’ असे सांगतात. सोमवारी पाचव्या फेरीला मी अर्धी रजा टाकून सोबत जाणार आहे.