हॅरी पॉटरमधल्या पाटील बहिणी नेमक्या कुठल्या? मोठेपणी पुन्हा वाचताना पडणारे प्रश्न

विरार : फुलपाड्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या नावांच्या फलकावर एक तरी ‘पाटील’ सापडण्याची शक्यता दाट. हॉगवर्ट्सच्या हजेरीपटावर तर या आडनावाच्या दोघी आहेत, पार्वती आणि पद्मा. शाळकरी वयात ‘हॅरी पॉटर’ वाचताना हे आडनाव दिसले की मराठी मुलांना हमखास गंमत वाटायची. तिशीच्या आसपास तीच पुस्तके पुन्हा उघडली की प्रश्न पडतो, या पाटील कुठल्या?

पुस्तकात काय आहे?

जे. के. रोलिंग यांच्या मालिकेचा पहिला भाग २६ जून १९९७ रोजी आला, सातवा २००७ मध्ये. मराठीत पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. या जुळ्या बहिणी त्यातच भेटतात. पार्वती ग्रिफिंडोरची, पद्मा रेव्हनक्लॉची. नेव्हिलची टिंगल करणाऱ्या मॅल्फॉयला पार्वती सरळ गप्प बसायला सांगते. पुढे दोघी हॅरीच्या गुप्त सराव गटात येतात आणि शेवटच्या लढाईच्या वेळी शाळेतच असतात.

मग खटकते काय?

सात भागांत त्यांच्या घरची भाषा, सण, गाव यांचा पत्ता लागत नाही. महाराष्ट्रात पाटील म्हणजे गावचा कारभारी. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने गेले, आडनाव राहिले. त्यामागचा हा इतिहास पुस्तकात कुठेच नाही.

चौथ्या भागात नाताळच्या नृत्यसमारंभाला हॅरी आणि रॉनला जोडीदार मिळत नाहीत, तेव्हा ऐनवेळी या बहिणी आठवतात. समारंभात दोघे त्यांच्याकडे धड बघतही नाहीत. लहानपणी हा प्रसंग विनोदी वाटतो. मोठेपणी लक्ष जाते ते ताटकळत बसलेल्या पद्माकडे.

२००५ च्या चित्रपटात दोघींना गुलाबी-केशरी भारतीय पोशाख दिला गेला. पुस्तकात मात्र त्या इतरांसारखेच झगे घालतात. चित्रपटात तर दोघीही ग्रिफिंडोरमध्येच दिसतात. ‘भारतीय’ दिसण्याची सोय झाली, पद्माची वेगळी ओळख पुसली गेली.

बचावाची बाजू काय?

गोष्ट बहुतांशी हॅरीच्या नजरेतून आहे आणि दुय्यम पात्रांना जागा कमीच मिळते, हा मुद्दा रास्त आहे. पण शेमस फिनिगनही दुय्यमच आहे. तरी क्विडिच विश्वचषकात त्याचा तंबू आयर्लंडच्या शॅमरॉक पानांनी झाकलेला दिसतो. एका वाक्यात त्याचे घर कळते. पाटील बहिणींच्या वाट्याला असे एकही वाक्य आलेले नाही.

म्हणजे पुस्तक बाजूला ठेवायचे?

तसे नाही. मैत्री, भीती आणि मृत्यू यांबद्दल ही मालिका जे सांगते, ते पुन्हा वाचतानाही टिकते. फरक इतकाच की पाटलांच्या घरातले देवघर, गौरी-गणपती, आजीची हाक हे सारे लहान वाचकाने स्वतःच्या मनातून भरले होते. लेखिकेने दिले ते फक्त आडनाव. चिकित्सक वाचन म्हणजे पुस्तकाने दिलेले किती आणि आपण भरलेले किती, याचा हिशेब.

एचबीओने एप्रिल २०२३ मध्ये या पुस्तकांवर नवी मालिका जाहीर केली. ती पाहणाऱ्या मुलांना घरातल्या मोठ्यांनी एवढेच विचारावे : पार्वती घरी आईशी कोणत्या भाषेत बोलत असेल?