फॉर्माल्डिहाइड : घरातील हवेचे प्रदूषण

आल्डिहाइड वर्गातील सर्वांत साधे कार्बनी संयुग. नेहमीच्या तापमानास ते वर्णहीन, उग्र वासाचे व पाण्यात सहज विरघळणारे वायुरूप द्रव्य असते. त्याच्या सुमारे ३७ टक्के जलीय विद्रावास फॉर्मॅलीन म्हणतात. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीत फॉर्मॅलीन असल्याच्या संशयावरून गोवा शासनाने परराज्यांतील मासळीवर तात्पुरती बंदी घातली. तेव्हा सर्वसामान्यांचे लक्ष या द्रव्याकडे वेधले गेले. घरात मात्र त्याचा अपाय मुख्यतः श्वासावाटे संभवतो.

उगम : प्लायवुड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांच्या निर्मितीत यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन वापरतात. विक्रियेत न जोडला गेलेला वायू फळ्यांतून बाहेर पडत राहतोच. शिवाय उष्णता व आर्द्रता यांमुळे रेझिनाचे जलीय विच्छेदन होऊन त्यात भर पडते. नव्या फर्निचरातून सुरुवातीच्या महिन्यांत उत्सर्जन अधिक असते व पुढे ते मंदावते. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनापासून ते पुष्कळच कमी होते. लाकूड, तंबाखू, अगरबत्ती व डासांची कॉइल यांच्या धुरातही हा वायू असतो. लोणावळा, परंदवडी इ. मावळातील गावांत पावसाळ्यात खिडक्या मिटलेल्या असतात, तर सुटीपुरती वापरली जाणारी घरे आठवडेच्या आठवडे बंद राहतात. अशा दमट व कोंडलेल्या हवेत वायू साचतो.

परिणाम : डोळ्यांची आग, घसा खवखवणे, खोकला व शिंका ही प्रथम लक्षणे होत. दमेकरी व लहान मुले यांना त्रास अधिक संभवतो. त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास अधिहर्षताजन्य त्वचाशोथ होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हे द्रव्य मानवात कर्करोगकारक ठरविले. मात्र त्याचा पुरावा प्रामुख्याने दीर्घकाळ अधिक मात्रेत काम करणाऱ्या कामगारांच्या पाहणीतून मिळाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी ३० मिनिटांची सरासरी मर्यादा दर घन मीटरला ०·१ मिग्रॅ. अशी सुचविली. वासावरून मात्र सुरक्षिततेचा अंदाज बांधता येत नाही, कारण नाकाला वासाची सवय होते.

उपाय : मूळ उगम कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. त्यासाठी अल्प उत्सर्जनाच्या (ई-१ वा त्याहून कमी) फळ्या निवडाव्यात, फळ्यांच्या उघड्या कडा व छिद्रे लेपाने बंद करावीत आणि नवे फर्निचर बसविल्यावर खोली काही आठवडे हवेशीर ठेवावी. बंद घर उघडल्यावर वास्तव्यापूर्वी समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती करावी. सुगंधी द्रव्यांच्या फवाऱ्याने वास झाकला जातो, वायू कमी होत नाही.